मोर्स येत नाही तो हॅम नाही म्हणे!

उनाड अँटेना:
आपण हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. परवा 'जुना खुंटा' यांनी लिहिलं, "लॅपटॉपसमोर टिचक्या मारणाऱ्यांनी स्वतःला हॅम म्हणवू नये. मोर्स येत नसेल तर लायसन्स परत करा." गप्प बसणार होतो, पण राहवेना.

लायसन्ससाठी मोर्सची, म्हणजे ठिपके-रेघांच्या संकेतांची, सक्ती आंतरराष्ट्रीय नियमांतून २००३ मध्येच गेली, ठेवायची की नाही ते ज्या त्या देशावर सोडलं. नियमाला चालतं ते काकांना चालत नाही! मी उपग्रहवाला. एका हातात हँडी (हातात मावणारा रेडिओ सेट), दुसऱ्यात यागी (एका दिशेला रोखायची अँटेना). अंतराळ स्थानकाचा रिपीटर (आलेला आवाज पुन्हा सोडणारं यंत्र) ४३७.८०० मेगाहर्ट्झवर ऐकायचा, तर डॉप्लरमुळे, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे, त्याची फ्रिक्वेन्सी येताना जवळपास १० किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढाच खाली. डायल सरकवा, यागी वळवा, मनगट पिळा, मध्येच कॉलसाइन (समोरच्याचं ओळखचिन्ह) टिपा. दहा मिनिटांत खेळ खलास. यात मोर्सचा एक ठिपकाही नाही. मग मी कोण? कुणी पाच वॅट घेऊन डोंगर चढतो, कुणी चंद्रावर सिग्नल आपटून अडीच सेकंदांनी स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकतो, कुणाला बोलायचंच नसतं, नुसतं सोल्डरिंग करायचं असतं. छंद आहे हो, पलटण नव्हे.

जुना खुंटा:
उपग्रहवाल्यांना मी काही बोललोच नव्हतो. तुम्ही निदान मान तरी वर करता. माझा राग एफटी८ वर, त्या कॉम्प्युटरकडून छोटे ठराविक संदेश पाठवण्याच्या पद्धतीवर. २०१७ मध्ये आलं आणि १४.०७४ मेगाहर्ट्झवर जत्रा, बाकी बँड ओसाड. पंधरा-पंधरा सेकंदांचे फेरे: कॉलसाइन, रिपोर्ट (सिग्नल कसा येतोय), ७३ (शुभेच्छा), पुढचा! माझा एक मित्र होता, फक्त सीडब्ल्यूवरचा, म्हणजे मोर्सवरचा, प्रत्यक्ष भेट कधीच नाही. एका रात्री त्याचे डॅश रेंगाळायला लागले. विचारलं तर म्हणाला, उजवा हात आखडलाय, डाव्याने मारतोय. हे तुमच्या वॉटरफॉलवर, त्या स्क्रीनवरच्या सिग्नलच्या रेघांत, दिसतं का?

मंद सिग्नल:
काका, वाचून गलबललं, खरंच. पण माझं ऐका. गच्चीवर अँटेना लावू देत नाहीत. खिडकीतून सोडलेली तार आणि दहा वॅट. एसएसबीवर, म्हणजे तोंडाने बोलायच्या पद्धतीत, घसा फोडला तरी कुणी दाद देत नाही. एफटी८ ला ५० हर्ट्झ पुरतात आणि कानाला काहीच लागत नसताना उणे २० डीबीला डिकोड होतं. ते नसतं तर रिग (रेडिओ सेट) केव्हाच विकली असती. आणि ते बनवणाऱ्यांतले जो टेलर नोबेलवाले आहेत, टिचकीबहाद्दर नव्हेत.

जुना खुंटा:
नोबेल १९९३ मध्ये पल्सारसाठी मिळालं. एफटी८ साठी नव्हे.

मंद सिग्नल:
बरं. पण आमचा रिपोर्ट तरी खरा असतो. उणे १७ म्हणजे उणे १७. काँटेस्टमध्ये, त्या जास्तीत जास्त संपर्क करायच्या स्पर्धेत, काय चालतं? प्रत्येकाला ५९, म्हणजे 'उत्तम ऐकू येतंय'! "फाइव्ह नाइन! कॉलसाइन पुन्हा सांगा... पुन्हा... पुन्हा!"

लॉगबहाद्दर:
आता काँटेस्टवर कशाला घसरलात? ५९ ही औपचारिकता आहे, सगळ्यांना ठाऊक असते. खरी देवाणघेवाण पुढच्या आकड्याची. पाइलअपमधून, एकाच वेळी ओरडणाऱ्या गर्दीतून, अर्धवट कॉलसाइन वेचून दाखवा, मग बोला.

उनाड अँटेना:
औपचारिकता असेल तर देताच कशाला?

लॉगबहाद्दर:
नियमात आहे म्हणून! सॉफ्टवेअर आपणहून भरतं, कुणाचं काय जातं?

जुना खुंटा:
आमची शांतता जाते. शनिवार-रविवार सात मेगाहर्ट्झवर पाऊल ठेवायला जागा नाही. आमचं गप्पांचं नेट (रेडिओवरचा आमचा अड्डा) रंगात आलेलं, एक महाशय दोन किलोहर्ट्झ अंतरावर येऊन "सीक्यू काँटेस्ट" (काँटेस्टसाठी कुणी आहे का?) ओरडू लागले. जागा वापरात आहे म्हटलं, तर मलाच ५९ देऊन मोकळे!

लॉगबहाद्दर:
१०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झवर काँटेस्ट नसतात. तिकडे जा.

जुना खुंटा:
म्हणजे आमच्याच घरातून आम्ही उठायचं? आणि दहावर एसएसबी मारायचं नसतं, बँडप्लॅन वाचा जरा.

मंद सिग्नल:
थांबा थांबा. काका, तुमचं नेट एसएसबीवर?! मोर्सवर का नाही?

जुना खुंटा:
...तिथे बारा जण असतात. मोर्सवर गप्पा मारायच्या तर उजाडेल.

उनाड अँटेना:
म्हणजे त्यातल्या ज्यांना मोर्स येत नाही त्यांची लायसन्सं गोळा करताय ना?

जुना खुंटा:
फार हुशार झालात. ठीक आहे, लायसन्सवालं वाक्य मागे. 'टिचक्या' राहणार.

लॉगबहाद्दर:
आणि ५९ वरून मला जे ऐकवलंत ते?

मंद सिग्नल:
ते उणे १७ ला नीट डिकोड झालं नाही.