नारदांची यादी आणि मिठाचं पाणी

एकांनी विचारलंय, वाचून आत्मज्ञान होत नसेल तर उपनिषदं वाचायचीच कशाला? प्रश्न रास्त आहे, पण त्याची चाहूल छांदोग्य उपनिषदातच लागते. सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे जातात. 'आधी तुला काय येतं ते सांग' म्हटल्यावर यादी सुरू होते: चारही वेद, इतिहास-पुराण, गणित, नक्षत्रविद्या, अगदी सर्पविद्यासुद्धा. (आपले बायोडेटा फिके पडतील.) मग स्वतःच कबूल करतात, मी मंत्र जाणतो, आत्मा नाही, शोक काही सुटत नाही. सनत्कुमार म्हणतात, हे सगळं नुसतं नाम. पण 'टाकून दे' म्हणत नाहीत. नामाचीच उपासना कर म्हणतात, आणि तिथून वाणी, मन असं चढवत भूमापर्यंत, म्हणजे अनंतापर्यंत नेतात.

मला मात्र सहावा अध्याय जास्त भिडतो. श्वेतकेतू बारा वर्षं शिकून, चोविसाव्या वर्षी ताठ मानेने घरी येतो. उद्दालक, म्हणजे त्याचे वडील, त्याला रात्री पाण्यात मीठ टाकायला लावतात. सकाळी म्हणतात, आण ते मीठ. सापडतंय कुठे! मग वरचा घोट, मधला, तळचा. सगळा खारट. सत् तसंच, दिसत नाही पण सगळीकडे आहे. 'तत्त्वमसि', म्हणजे 'ते तू आहेस', या अध्यायात नऊ वेळा येतं. एकदा सांगून भागलं नाही, हे उघड आहे.

आणि या वाक्याचा अर्थ सर्वांना एकच मान्य आहे, असंही कुणी लिहिलंय, ते चूक. द्वैतमताचे मध्वाचार्य मूळच्या 'आत्मा तत्त्वमसि' मधला संधी वेगळा सोडवून 'अतत् त्वमसि' वाचतात, म्हणजे 'ते तू नाहीस'.