रिमोट डेस्कटॉप बंद झाल्यावर व्हर्च्युअल मशीनवरील स्क्रीन-चाचण्या अडतात: मदत हवी आहे

नमस्कार.

रत्नागिरी परिसरातील काजू कारखान्यांसाठी आम्ही बी खरेदीपासून बिलापर्यंतचे काम सांभाळणारे विंडोज सॉफ्टवेअर बनवतो. त्याच्या चाचण्या रात्री कार्यालयातील सर्व्हरवर, हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीतील विंडोज १० च्या व्हर्च्युअल मशीनवर (आभासी संगणकावर), खिडक्या व बटणे आपोआप हाताळणाऱ्या पायविनऑटो या पायथन लायब्ररीच्या साहाय्याने चालतात.

दुसऱ्या संगणकावरून मशीनचा पडदा दाखवणारी रिमोट डेस्कटॉपची खिडकी उघडी असेपर्यंत सर्व सुरळीत चालते. जोडणी तुटताच मात्र त्या सेशनचा (लॉगिन केलेल्या सत्राचा) डेस्कटॉप उपलब्ध राहत नाही, त्यामुळे स्क्रीनशॉट काळे येतात आणि माउसचे क्लिक पोहोचत नाहीत. साधी बटणे विंडोजच्या यूआय ऑटोमेशनमधील इन्व्होकने, म्हणजे माउसविना थेट आज्ञा देऊन, दाबता येतात. परंतु वजन व दर भरण्याचा आमचा तक्ता त्या मार्गाला दाद देत नाही आणि व्यापाऱ्याचा हिशेब नेमका त्याच तक्त्यावर अवलंबून असल्यामुळे ती चाचणी वगळणे मला मान्य नाही.

चाचण्या सर्व्हिस (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) म्हणून चालवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण व्हिस्टापासून सर्व्हिसेस सेशन ० मध्ये वेगळ्या ठेवल्या जातात आणि तेथे वापरकर्त्याचा डेस्कटॉप नसतो. टीएसकॉन या विंडोजच्या आज्ञेने सेशन कन्सोलकडे (मशीनच्या स्वतःच्या पडद्याकडे) वळवल्यास डेस्कटॉप जिवंत राहतो, मात्र रिझोल्यूशन बदलते आणि जुन्या स्क्रीनशॉटशी केलेली तुलना फसते.

दुसरी अडचण आमच्याकडच्या पावसाची आहे. झाडाची फांदी तारांवर पडून रात्री वीज जाते, यूपीएस संपतो. वीज आल्यावर व्हर्च्युअल मशीन आपोआप सुरू होते, पण लॉगिनच्या पडद्यावरच थांबते. तेथे टीएसकॉनचा काहीच उपयोग नाही, कारण वळवायला सेशनच नसते.

म्हणून रिमोट डेस्कटॉप पूर्णपणे टाळून ऑटोलॉगॉनने (मशीन सुरू होताच आपोआप लॉगिन करणाऱ्या सोयीने) थेट कन्सोलवर लॉगिन करावे, स्क्रीन लॉक बंद ठेवावा, हायपर-व्हीमध्ये १९२०×१०८० हे रिझोल्यूशन पक्के करावे, लॉगिन होताच टास्क शेड्युलरने (ठरलेली कामे आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीने) चाचण्या सुरू कराव्यात आणि पाहणी व्हीएनसीने (कन्सोलचाच पडदा दुरून दाखवणाऱ्या साधनाने) करावी, असा माझा विचार आहे. खाते मर्यादित अधिकारांचे व माहिती केवळ चाचणीपुरती ठेवली, तरी रात्रभर उघडे राहणारे सेशन मला खटकते.

अशी मांडणी ज्यांनी दीर्घकाळ वापरली आहे, त्यांनी दोन गोष्टी कृपया सांगाव्यात: उघड्या कन्सोलच्या सुरक्षिततेसाठी नेटवर्कवर कोणते निर्बंध घातले आणि विंडोज अपडेटने मध्यरात्री मशीन पुन्हा सुरू केल्यास अर्धवट राहिलेली चाचणी कशी ओळखता?