आर-डब्ल्यू (रीड-राइट) लॉक बदलू का? दोन दिवस आहेत, नवीन बोर्ड नको

मिरकरवाड्याचा_पिंट्या: १ ऑगस्टला मासेमारी बंदी उठते. जेटीवरच्या डब्यात (छोटा लिनक्स संगणक) माझं कर्नल मॉड्यूल आहे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच चालणारा कोड. बोटीचं पॅकेट आलं की सॉफ्टआयआरक्यूमध्येच (चालू प्रोसेस मध्येच थांबवून होणारं कर्नलचं काम) चाळीसेक बोटींच्या लिंक्ड लिस्टमध्ये (पॉइंटरने एकापुढे एक जोडलेली साखळी) नंबर शोधतं. लिस्ट मिनिटाला एकदा बदलते, साध्या प्रोसेसमधून. रीड_लॉक, राइट_लॉक लावलंय: वाचणारे कितीही एकत्र, लिहिणारा एकटाच. दिवसाआड डबा गोठतो. दुसरं कुठलं लॉक घेऊ? बोर्ड जुना, ४ कोरचा, तोच राहणार.

देवगडचा_हापूस: आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट). डोळे मिटून. २००२ पासून कर्नलात आहे. वाचणाऱ्याला लॉकच नाही, लिहिणारा नवी प्रत करून पॉइंटर फिरवतो.

गुहागरकर: आरसीयूच. पण जुनी प्रत लगेच केफ्री (मेमरी मोकळी) करू नकोस. मी केली होती. आरतीला उभा होतो, हातात झांजा, आणि साइटवरून फोन. ग्रेस पीरियड, म्हणजे जुनी प्रत वाचणारे बाहेर पडेपर्यंतचा वेळ, संपू दे किंवा केफ्री_आरसीयू वापर.

वेंगुर्ल्याचो_झील: बोर्ड बदल मेल्या. माझो नवो दोन वर्सां झाली, एकदाव अडकाक नाय.

मिरकरवाड्याचा_पिंट्या: वर लिहिलंय ना, नको म्हणून.

दापोली_डीबगर: सेक्लॉक. कर्नल घड्याळ वाचतं ते यावरच. लिहिणारा सुरुवातीला आणि शेवटी एक आकडा वाढवतो; वाचणाऱ्याला तो विषम दिसला किंवा मध्ये बदलला की परत वाचायचं, बस.

गुहागरकर: लिंक्ड लिस्ट म्हणतोय तो. पॉइंटरमागे गेला आणि तेवढ्यात ती जागा फ्री झाली, तर परत वाचायला उरणार कोण?

देवगडचा_हापूस: तसंही आर-डब्ल्यू लॉकमध्ये वाचणारे येतच राहतात, लिहिणारा पाळीविना उपाशी मरतो.

दापोली_डीबगर: जुनी गोष्ट. एक्स८६ वर २०१४ पासून रांग आहे. इंटरप्टमधले वाचणारे तेवढे घुसतात, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकल्यासारखे.

देवगडचा_हापूस: त्याचा बोर्ड एक्स८६ आहे का पण?

खारेपाटण_लोकल: दुकानं नंतर मांडा. पिंट्या, राइट_लॉकला _बीएच (लॉक असेपर्यंत त्या कोरवर सॉफ्टआयआरक्यू बंद) लावलंयस का? नसेल तर लिस्ट बदलताना त्याच कोरवर पॅकेट आलं की सॉफ्टआयआरक्यू रीड_लॉकसाठी फिरत बसणार, आणि लॉक ज्याच्या हातात तो तिच्याच खाली दबलेला. लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू कर.

देवगडचा_हापूस: आरसीयूमध्ये हा प्रश्नच येत नाही.

मिरकरवाड्याचा_पिंट्या: लिस्ट पहिल्यांदा बदलली आणि लॉकडेप बोंबललं. _बीएच नव्हतं. खारेपाटणदादा, जेटीवर या, सुरमई माझ्याकडून. बाकी आर-डब्ल्यू काढून साधा स्पिनलॉक (वाचणारा असो की लिहिणारा, एका वेळी एकच) टाकलाय, _बीएचसकट. वाचन लांबलचक नसेल तर साधाच बरा, असं कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच आहे.

देवगडचा_हापूस: १२८ कोरवर जाशील तेव्हा भेटू.

मिरकरवाड्याचा_पिंट्या: इथल्या खाऱ्या हवेत ४ कोर टिकले तरी पुष्कळ.

वेंगुर्ल्याचो_झील: मग बोर्ड खयचो घेतलंस?