जुळवणं वेगळं, अंदाज वेगळा

"मुलांच्या भल्यासाठी फोनमधले फोटो तपासू द्या, लपवायचंय काय?" हे मला अर्धंच पटतं. ॲपलने ऑगस्ट २०२१ मध्ये मांडलेली योजना आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्यावर, जाणारे फोटो मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या माहीत असलेल्या फोटोंच्या यादीशी जुळवणार होती. साधारण ३० जुळले तरच माणूस बघणार. खूप टीका झाली, डिसेंबर २०२२ मध्ये ती गुंडाळली.

माझी भीती वेगळी आहे. यादीत नसलेल्या नव्या फोटोवर 'हाही तसलाच' असा अंदाज मशीन बांधतं, ती. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने २०२१ मध्येच लेकराच्या अवघड जागेच्या सुजेचा फोटो डॉक्टरांसाठी काढला आणि गूगलने त्याचं खातं बंद केलं. पोलिसांना काही गैर आढळलं नाही, तरी खातं परत दिलं नाही.

गेल्या पावसाळ्यात पलूसहून बहिणीने भाचीच्या जांघेतल्या पुरळाचे फोटो सांगलीच्या डॉक्टरांना असेच पाठवले. रात्रीचे अकरा, लाईट गेलेली, आजीने बॅटरी धरलेली. डॉक्टरांनी मलम सांगितलं, पोर झोपली.

जुळवणी चालेल, पण त्या यादीत काय भरलंय हे बाहेरच्या जाणकारांना तपासता आलं पाहिजे. नुसत्या अंदाजावरून खातं बंद करण्याआधी मात्र समोरच्याचं ऐकून घेणारा माणूस हवाच. बहिणीच्या बचत गटाचे हिशेब आणि पोरीचे जन्मापासूनचे फोटो त्याच एका खात्यात आहेत.