१९५४ च्या ‘नागिन’मधली बीन कीबोर्डवर कशी काढायची?

गोदाकाठची_पेटी (नाशिक)

नमस्कार मंडळी. आमच्या वाद्यवृंदाचा पन्नास-साठच्या दशकातल्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम ठरलाय. यादीत ‘मन डोले मेरा तन डोले’ आहे आणि बीनचे सगळे पीस माझ्या वाट्याला आलेत. नोटेशन झालं, हातही बसला, टोन मात्र बसत नाही.

शहनाईचा टोन लावला की मंगल कार्यालयात बसल्यासारखं वाटतं. ओबो (पाश्चात्त्य फुंकवाद्य) लावला तर फारच सभ्य वाटतो. लॅपटॉपवर खऱ्या पुंगीची सॅम्पल्स (रेकॉर्ड करून ठेवलेले सूर) मिळाली, ती ऐकायला सुंदर आहेत, पण गायिका समोर उभी राहिली की गाणं वेगळंच वाटायला लागतं. पिच बेंडने, म्हणजे सूर वर-खाली वाकवणाऱ्या चाकाने, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) काढते आहे, तीही रेकॉर्डसारखी येत नाही.

माझ्याकडे एक वर्कस्टेशन कीबोर्ड, आवाज कमी-जास्त करायचं एक एक्स्प्रेशन पेडल आणि लॅपटॉपवर एक फुकटचा साधा सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारं सॉफ्टवेअर) आहे. ग्रुपमध्ये एक उत्तम पेटीवाले काका आहेत, पण या गाण्यात त्यांना सध्या काही काम नाही. तो आवाज नेमका कशाचा होता आणि माझ्या सामानात तो कितपत जवळ येईल? मला तो मनापासून हवाय. हे गाणं सुरू झालं की लोक पहिल्या दोन सुरांतच ओळखतात, आणि ते सूर माझेच आहेत.

सायनवेव्ह (पुणे)

तो आवाज क्लॅव्हिओलीन या जुन्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा आहे, बीनचा नाही. संगीत हेमंतकुमार यांचं, क्लॅव्हिओलीन वाजवली कल्याणजींनी, पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजलेल्या जोडीतले ते. क्लॅव्हिओलीनची तयार सॅम्पल लायब्ररी घ्या, पिच बेंडची रेंज दोन स्वरांची ठेवा आणि मस्त मींड मारा. एवढ्यात काम होईल.

व्हॉल्व्हवाला (मिरज)

ताई, सायनवेव्ह यांनी वाद्य बरोबर सांगितलं. मींडेबद्दल मात्र माझं मत उलटं आहे, ते पुढे लिहितो.

माझी उमर व्हॉल्व्हचे रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करण्यात गेली. गणपतीत आणि जत्रांत ऑर्केस्ट्राला कीबोर्डही वाजवला. या एका आवाजावर माझा फार जीव आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे ठरवा की तुम्हाला गारुड्याची बीन वाजवायची आहे की रेकॉर्ड. समोर बसलेल्या माणसाच्या कानात रेकॉर्ड आहे. पुंगीची सॅम्पल्स कितीही खरी असली तरी या गाण्यात ती परकी वाटणार, आणि तुमच्या कानाने ते अचूक पकडलंय.

क्लॅव्हिओलीन हे फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिनने १९४७ साली काढलेलं वाद्य. इंग्लंडात सेल्मर आणि अमेरिकेत गिब्सन ते बनवायचे. छोटा कीबोर्ड, पियानोच्या पट्ट्यांखाली अडकवता येईल असा. अँप्लिफायर आणि स्पीकरची पेटी वेगळी. एका वेळी एकच सूर निघतो. टोन बदलायला पुढे खटक्यांची रांग, आणि आवाज कमी-जास्त करायला गुडघ्याने ढकलायचा दांडा. मिनीमूग आला १९७० साली, त्याच्या सोळा वर्षं आधी मुंबईत हे रेकॉर्डिंग झालं होतं.

शहनाई का जमत नाही, याचं कारण नळीत आहे. शहनाईची नळी वर निमुळती आणि खाली रुंद होत जाणारी. अशा नळीतून मूळ सुराचे सगळे पट निघतात. सूर ४०० हर्ट्झचा असेल तर ८००, १२००, १६००, २००० असे. पुंगीच्या बांबूच्या नळ्या सरळ, सगळीकडे सारख्या जाडीच्या, आणि एका टोकाला पत्ती. तिथे जोर विषम पटांवर असतो, म्हणजे ४००, १२००, २०००, २८००. क्लॅरिनेटची नळीही बहुतांश सरळच असते. म्हणून वरातीत बँडचा क्लॅरिनेटवाला हीच धून उचलतो तेव्हा ती लगेच पटते. आणि स्क्वेअर वेव्हमध्ये, म्हणजे चौकोनी आकाराच्या लहरीत, नेमके हेच विषम पट असतात. क्लॅव्हिओलीनच्या व्हॉल्व्हच्या ऑसिलेटरमधून (सूर निर्माण करणाऱ्या सर्किटमधून) जवळजवळ स्क्वेअर वेव्हच निघते. कल्याणजींच्या हाताखाली बीनच्या जातीचा सूर आधीपासून होता, तो त्यांनी ओळखला. मला यात त्यांची खरी मोठी गोष्ट दिसते.

आता तुमच्या सिंथवर. एकच ऑसिलेटर घ्या, पल्स वेव्ह (स्क्वेअर वेव्हचाच, रुंदी बदलता येणारा प्रकार), रुंदी ५० टक्क्यांवर न ठेवता ४० च्या आसपास. बरोब्बर ५० वर सम पट पूर्ण नाहीसे होतात आणि आवाज पोकळ होतो. थोडं सरकवलं की त्यातले काही हळूच परत येतात आणि भुणभुण तयार होते. मग हाय-पासने ३०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. बाराशे-पंधराशेच्या भागात थोडा उठाव द्या. हा उठाव सुराबरोबर वर-खाली हलू देऊ नका, म्हणजे फिल्टरचं की-ट्रॅकिंग शून्यावर ठेवा. खटक्यांनी निवडायचे फिल्टर जागेवरच थांबायचे, त्यामुळे खालचे सूर नाकातले आणि वरचे बारीक लागतात. त्या फरकातच गंमत आहे.

सिंथ न्यायचा नसेल तर कीबोर्डवर जनरल मिडीची, म्हणजे ठरलेल्या क्रमांकांच्या टोनची, यादी उघडा. ११२ नंबरची शहनाई सोडा आणि ८१ नंबरची स्क्वेअर लीड घ्या. तिच्यावर फिल्टर लावून बरंच जवळ जाता येतं.

व्हायब्रॅटो, म्हणजे सुराचा कंप, हा या वाद्याचा प्राण आहे. आजकालच्या टोनमध्ये सूर लागल्यावर थोड्या वेळाने व्हायब्रॅटो चढतो, व्हायोलिनवाल्यासारखा. इथे तसं चालत नाही. कंप देणारं सर्किट आपलं आपलं फिरत असतं, पट्टी कधी दाबली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून डिले शून्य, आणि दर सुराला नव्याने सुरू होण्याची सोय बंद करा. वेग सेकंदाला सहाच्या जवळपास. खोली किती ते कानाने ठरवा, पण संकोच करू नका.

आता मींड. पिच बेंडच्या चाकाला हात लावू नका. क्लॅव्हिओलीनला ते चाक नव्हतंच. शिवाय त्या पीसमध्ये कल्याणजींच्या सोबत, पुढे संगीतकार झालेल्या रवी यांनी हार्मोनियम वाजवली आहे. तेव्हा हे दोघेही हेमंतकुमारांचे सहायक होते. पेटीवर मींड येत नाही, हे तुमच्या पेटीवाल्या काकांना विचारा. दोन्ही पट्ट्यांची वाद्यं एकच धून वाजवताहेत, तर त्यात जी वळणं ऐकू येतात ती कणाची (शेजारच्या सुराला निसटता स्पर्श) आणि मुरकीची (दोन-तीन सुरांचं झटपट वळण) आहेत, बोटांनी काढलेली. आपला कान त्यांना मींड समजतो, कारण सूर मध्ये कुठे तुटत नाही.

त्यासाठी टोन मोनो (एका वेळी एकच सूर) करा, लिगाटो (सूर न तोडता जोडणं) चालू, पोर्टामेंटो (सुरांमधली आपोआप होणारी घसरण) बंद. खालची पट्टी दाबून ठेवा आणि वरच्या पट्टीवर बोट टिचवा. बोट उचललं की खालचा सूर आपोआप परत येतो, नवा ठोका न पडता. सावकाश सराव करा, मुरकी त्यातून आपोआप उमलते.

आणि पेडल. गारुडी गाल फुगवून हवा साठवतो आणि नाकाने श्वास घेत राहतो, म्हणून पुंगीचा सूर थांबत नाही. वाक्याच्या शेवटीही पेडल पूर्ण वर आणू नका, थोडा आवाज शिल्लक ठेवून पुढचं वाक्य त्यातूनच फुगवा. गुडघ्याचा दांडा यासाठीच होता.

लीड्सकर (इंग्लंड)

मिरजकर, फार छान लिहिलंत. अँप्लिफायरबद्दल थोडी भर घालतो.

क्लॅव्हिओलीनचा आवाज अर्धा कीबोर्डात आणि अर्धा तिच्या स्पीकरच्या पेटीत आहे. तो अँप मुद्दाम आवाज फाडायचा. हे समजायला द टॉर्नेडोज यांची १९६२ ची ‘टेलस्टार’ ऐका. लंडनच्या होलोवे रोडवर, चामड्याच्या सामानाच्या दुकानावरच्या जागेत जो मीक यांनी ती रेकॉर्ड केली आणि क्लॅव्हिओलीन जेफ गॉडर्ड यांनी वाजवली. अमेरिकेच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलेली ती ब्रिटिश बँडची पहिली रेकॉर्ड. इथली माझ्या वडिलांच्या वयाची माणसं ती धून ऐकली की त्याच नावाचा उपग्रह आठवतात, आपण नाग आठवतो. जात एकाच वाद्याची.

दोन्ही रेकॉर्ड एकामागून एक ऐकल्या की वाद्याचा भाग कुठे संपतो आणि वादकाचा कुठे सुरू होतो ते कळतं. ‘टेलस्टार’चे सूर सरळ, लांब आहेत. ‘नागिन’मध्ये कण आहेत, आणि ते सगळे कल्याणजींचे.

तुमच्या साखळीत फिल्टरनंतर थोडं ट्यूब डिस्टॉर्शन (व्हॉल्व्हच्या अँपसारखा आवाज फाडणारा इफेक्ट) लावा, फिल्टरच्या आधी नको. त्यानंतर साडेपाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचं कापून टाका. त्या काळी गाणी ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर ऐकली जायची, वरची चकाकी त्यांत नव्हतीच. आजच्या कीबोर्डची चकाकी तशीच ठेवली तर बाकी सगळं बरोबर असूनही आवाज नवा वाटतो.

सायनवेव्ह (पुणे)

पिच बेंडचं पटलं. पेटीची साथ होती हे लक्षात घेतलं की वेगळी सिद्धता लागत नाही. एक शंका. डेल शॅननच्या १९६१ च्या ‘रनअवे’ या गाण्यात मॅक्स क्रुकचा सोलो आहे, त्यात सूर वळतात. तीही क्लॅव्हिओलीनच ना?

व्हॉल्व्हवाला (मिरज)

ती त्याने स्वतः उघडून, भाग बदलून केलेली क्लॅव्हिओलीन. तिला तो म्युझिट्रॉन म्हणायचा. दुकानातून आणलेल्या वाद्यात जे नव्हतं ते त्याने घरी घातलं. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

गोदाकाठची_पेटी (नाशिक)

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हेडफोन लावून बसले. पल्स, हाय-पास, स्थिर फिल्टर, मग ट्यूब, मग वरचं कापणं. व्हायब्रॅटोचा डिले शून्यावर आणला त्या क्षणी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि गाण्याचं नाव घेतलं. मी तोपर्यंत धून वाजवलीही नव्हती, एकच सूर धरून बसले होते.

खालची पट्टी धरून वरचं बोट टिचवण्याची युक्ती मला सगळ्यात मोलाची वाटली. आतापर्यंत मी प्रत्येक सूर वेगळा वाजवत होते.

आता दोन प्रश्न. आमच्या गायिकेची पट्टी रेकॉर्डपेक्षा दोन स्वर खाली आहे. ट्रान्सपोज (कीबोर्डचे सगळे सूर एकदम वर-खाली नेणारी सोय) वापरू की बोटांनी त्या पट्टीत वाजवू? आणि पेटीवाल्या काकांना या पीसमध्ये घ्यायचं पक्कं केलंय, ते खूश आहेत. पण त्यांची पेटी आणि माझा कीबोर्ड तंतोतंत जुळत नाही. पेटी किंचित चढी आहे. काय करू?

व्हॉल्व्हवाला (मिरज)

वा, आईंची पावती मिळाली म्हणजे टोन झाला.

ट्रान्सपोज खुशाल वापरा. मुरक्या ज्या पट्ट्यांवर बोटांत बसल्या आहेत तिथेच राहू द्या, कार्यक्रमाच्या तोंडावर बोटं बदलू नका. फक्त दोन स्वर खाली आल्यावर फिल्टर पुन्हा ऐका. तो जागेवर स्थिर आहे, त्यामुळे आवाज जास्त नाकातला होईल. हाय-पास आणि मधला उठाव दोन्ही थोडे खाली घ्या. काकांची पेटी स्केल चेंजर (पट्टी सरकवून बदलता येणारी) असेल तर त्यांचाही प्रश्न सुटला.

सुराचं असं करा. पेटी स्टेजवर लावता येत नाही, तेव्हा कीबोर्ड पेटीकडे न्यायचा. मास्टर ट्यूनिंगमध्ये जाऊन काकांच्या मध्य सप्तकातल्या षड्जाला मिळवा. पूर्ण मिळाल्यावर तीन-चार सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) बाजूला सरकवा. ४४० हर्ट्झच्या आसपास चार सेंटचा फरक म्हणजे सेकंदाला साधारण एक हेलकावा. तेवढ्या हेलकाव्याने दोन वाद्यं मिळून एक भरीव वाद्य होतं. दहा सेंट झाले की लोकांना बेसूर वाटेल. मात्र बाकीची मंडळी, गिटार आणि बेस, तुमच्याच कीबोर्डला सूर मिळवत असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या गाण्यात गोंधळ होईल. किंवा ही सेटिंग फक्त या एका पॅचमध्ये (साठवलेल्या टोनमध्ये) साठवा, बहुतेक कीबोर्डवर पॅचपुरता फाइन ट्यून असतो.

पेटीला एकच माइक, भात्याच्या बाजूला नको, सुरांच्या बाजूला. पेटीचा आवाज तुमच्या एक तृतीयांशापेक्षा वर जाऊ देऊ नका. ती वेगळी ऐकू यायला नको, पण बंद केली तर चुकल्यासारखं वाटलं पाहिजे.

साउंडवाल्याला सांगा की या चॅनेलला स्टिरिओ कोरस (आवाज पसरवणारा इफेक्ट) आणि लांब रिव्हर्ब (घुमारा) लावायचा नाही. मूळ रेकॉर्ड मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची आहे. तुमचा आवाज गायिकेच्या शेजारी, मध्यभागी, कोरडा हवा. रिव्हर्बमध्ये कण वितळतात आणि केलेली सगळी मेहनत मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही.

आणि निवेदकाच्या हातात एक चिठ्ठी द्या. ‘ही बीन नव्हती, कल्याणजींची क्लॅव्हिओलीन आणि रवींची हार्मोनियम होती’ एवढं गाण्याआधी सांगू द्या. मग पहिला सूर धरा.