‘डायरेक्ट ॲक्शन’ला मराठीत काय म्हणावं? (जहाजमालकाचा विमा आणि जखमीचा हक्क)

शब्दखोर
सागरी दायित्व विम्यावरचा एक मजकूर मराठीत आणतोय. त्यात ‘डायरेक्ट ॲक्शन’ पदोपदी येतं. मुद्दा असा की जहाजावर कुणाला इजा झाली, चूक मालकाची आहे आणि मालकाचा विमा उतरवलेला आहे, तर जखमी माणसाने मालकाला वगळून सरळ विमा कंपनीला कोर्टात खेचता येतं का? आधीच्या मसुद्यात कुणीतरी ‘प्रत्यक्ष कृती’ लिहून ठेवलंय. ‘थेट दावा’ चालेल? आणि ‘पे टू बी पेड’ नावाच्या कलमाचं काय करू?

उंबरठा
‘प्रत्यक्ष कृती’ आधी खोडा. ते वाचून १९४६चं कलकत्ता, म्हणजे ‘डायरेक्ट ॲक्शन डे’ची दंगल डोळ्यांपुढे येते. इथे ‘ॲक्शन’ म्हणजे दिवाणी दावा.

‘थेट दावा’ बरा आहे, पण दोन अर्थांवर डुलतो. विमा कंपनीकडे फॉर्म भरून पैसे मागतात तोही दावा आणि कोर्टात जातात तोही दावा. (भाऊबंदकीत उभा असतो तो तिसरा, तो सोडून देऊ.) क्रियापद नीट निवडलं की घोळ मिटतो. ‘दावा करणे’ म्हटलं की फॉर्म, ‘दावा लावणे’ म्हटलं की कोर्ट. म्हणून ‘विमा कंपनीवर थेट दावा लावण्याचा हक्क’ असं लिहा. शीर्षकात सुटसुटीत हवं असेल तर ‘थेट दाव्याचा हक्क’ पुरे.

गलबत
उंबरठा यांच्याशी सहमत, पण खरी अडचण ‘इन्डेम्निटी’त आहे. विम्याच्या प्राथमिक पुस्तकांत तिला ‘नुकसानभरपाई’ म्हणतात. इथे तो शब्द वापरला तर वाचक हमखास फसेल, कारण नुकसानभरपाई जखमीला मिळते आणि इन्डेम्निटी मालकाला.

जहाजमालकांचे पी अँड आय (‘प्रोटेक्शन अँड इन्डेम्निटी’), म्हणजे दायित्वाचा विमा देणारे क्लब असतात. मालकच सभासद, मालकच एकमेकांचे विमाकर्ते. क्लबचा नियम असा की सभासदाने आधी स्वतःच्या खिशातून देणं चुकवायचं, मग क्लबकडे मागायचं. सरकारी नोकर दवाखान्याचं बिल आधी भरतो आणि मग वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मागतो, अगदी तसं. म्हणून मी इथे ‘प्रतिपूर्ती’ लिहीन. ‘पे टू बी पेड’ला ‘आधी भरा, मग मागा’ ही अट. मसुदा फारच सोवळा असेल तर ‘पूर्वभरणा अट’, पण पहिलं जास्त खरं आहे.

ही अट किती निर्दय ठरू शकते ते ‘फान्ती’ आणि ‘पाद्रे आयलंड’ या जहाजांच्या जोडखटल्यात दिसलं. मालक कंपन्या गुंडाळल्या गेल्या होत्या, त्यामुळे भरणारं कुणी उरलंच नव्हतं. जहाजांवर ज्यांचा माल होता त्या मालवाल्यांनी इंग्लंडच्या १९३०च्या कायद्याचा आधार घेऊन क्लबांवर दावे लावले; मालक बुडाला की त्याचा विम्यावरचा हक्क त्याच्याकडून येणं असलेल्याकडे जातो, असा तो कायदा. १९९०मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं की मालकाचा जो हक्क तुमच्याकडे आला तो अटीसकट आला. मालकाने भरलं नाही, तेव्हा क्लबही देणं लागत नाही. तिथे तक्रार मालाची होती, पण हाच तर्क हात तुटलेल्या खलाशालाही लागू पडला असता.

पुढे २०१०चा नवा कायदा आला, तो १ ऑगस्ट २०१६ला अमलात आला. त्याने ही अट निष्प्रभ केली, पण सागरी विम्यापुरती फक्त मृत्यू आणि शारीरिक इजा यांच्यासाठी. मालवाल्यांना ती अजून आडवी येते. तेव्हा भाषांतरात ‘शारीरिक इजा’ हे शब्द गाळू नका, सगळा फरक तिथेच आहे.

मी_पुस्तकी
मग इंग्लंडच्या कायद्याला ‘थेट दावा’ म्हणायचं तरी का? तिथे मालक दिवाळखोर झाला किंवा त्याची कंपनी गुंडाळली गेली की जखमी त्याच्या जागी उभा राहतो. हक्क मालकाचाच, फक्त हात बदलतो. त्याला ‘हक्कांतरण’ म्हणा.

‘थेट’ शोभतो तो अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या कायद्याला. तिथे मालक धडधाकट असला तरी विमाकर्त्यावर जाता येत असे. त्यावरचा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला १९५४चा कुशिंग खटला वाचण्यासारखा आहे. जेन स्मिथ नावाची टोबोट (तराफे ओढणारी-ढकलणारी बोट) अचाफलाया नदीत पुलाच्या खांबावर आदळून बुडाली आणि पाच खलाशी गेले. अमेरिकेच्या १८५१च्या कायद्याने मालकाचं दायित्व जहाजाच्या किमतीपुरतं सीमित होत होतं, आणि बुडालेल्या जहाजाची किंमत ती काय! प्रश्न आला की मग विमाकर्त्यावर वेगळा दावा चालेल का. न्यायाधीश चार विरुद्ध चार, नवव्याने मध्यममार्ग काढला : आधी मालकाच्या सीमित दायित्वाचा निकाल लागू द्या, मग विमाकर्त्याकडे वळा. १९९३मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पी अँड आय विमाही या कायद्याखाली येतो असं ठरवलं.

‘येत असे’ मुद्दाम लिहिलंय. २०२४च्या दुरुस्तीने विमाकर्त्याला प्रतिवादी करण्याची वाट बरीच अरुंद केली. मालक दिवाळखोर, मृत किंवा समन्स बजावता न येण्याजोगा असेल, अशा ठरावीक प्रसंगांपुरती ती उरली आहे. जुन्या पुस्तकावरून भाषांतर करत असाल तर काळ सांभाळा.

उंबरठा
आणि ‘थर्ड पार्टी’ला ‘तिऱ्हाईत’ करू नका कृपया. तिऱ्हाईताला सोयरसुतक नसतं, इथे तर त्याचाच पाय गेलाय. ‘त्रयस्थ’लाही तीच खोट. ‘तृतीय पक्ष’ कोरडा आहे पण निरुपद्रवी.

शब्दखोर
आभार. अथेन्स करार, म्हणजे समुद्रमार्गे प्रवासी वाहतुकीवरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याचं वाक्य असं केलंय : “जखमी प्रवाशाला विमा कंपनीवर थेट दावा लावता येतो आणि मालकाची दिवाळखोरी हा कंपनीचा बचाव ठरत नाही.” जमलं?

गलबत
दोन दुरुस्त्या. तिथे ‘मालक’ नको, ‘वाहक’ हवा. प्रवाशाचा करार वाहकाशी असतो आणि जहाज दुसऱ्याचंही असू शकतं. आणि ‘विमा कंपनी’ऐवजी ‘विमाकर्ता किंवा आर्थिक हमी देणारा’ लिहा. २००२च्या सुधारित करारात बारापेक्षा जास्त प्रवाशांचा परवाना असलेल्या जहाजाला दर प्रवाशामागे, दर घटनेसाठी किमान २,५०,००० एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) इतकं कवच ठेवणं सक्तीचं आहे, पण ते विम्याचंच असलं पाहिजे असं नाही, बँकेची हमीही चालते. नुसतं ‘कंपनी’ लिहिलंत तर बँकही निसटेल आणि क्लबही.