ग्लॉकला नाइट साइट्स: कुठल्या घ्याव्या आणि घरी बसवता येतील का?

डॅलसचा_सातारकर

मंडळी नमस्कार. विषय जरा आडवळणाचा आहे पण इथे टेक्सासवाले बरेच आहेत म्हणून विचारतो. माझ्याकडे ग्लॉक १९ पिस्तूल आहे, जेन ५ (पाचवी पिढी), घरी तिजोरीत असते, महिन्यातून एकदा रेंजवर जाताना तेवढी बाहेर निघते. साइट्स, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा, अजून कंपनीच्याच, प्लॅस्टिकच्या, पुढे पांढरा ठिपका आणि मागे पांढरा यू. दिवसा काही तक्रार नाही. पण मागच्या शनिवारी कमी उजेडातला क्लास केला, त्यांनी दिवे मंद केले आणि माशी, म्हणजे पुढची साइट, गायबच झाली हो, अक्षरशः अंदाजपंचे मारत होतो, त्यात यंदा चाळिशी लागलीय म्हणजे हाताच्या अंतरावरचं तसंही धूसर.

आता ट्रिटियमवाल्या, म्हणजे अंधारात आपोआप चमकणाऱ्या, घ्यायच्या ठरवतोय तर ट्रिजिकॉन एचडी, एचडी एक्सआर, अमेरिग्लो, मेप्रोलाइट, बघून बघून डोकं फिरलं. बायको म्हणते किरणोत्सर्गी वस्तू घरात नको, पोरगी ६ वर्षांची आहे. आणि दुकानदार बसवायचे ४० डॉलर मागतोय, व्हिडिओत बघितलं तर दहा मिनिटांचं काम दिसतं. घरी करू का?

जुना_नेमबाज

आधी वहिनींची शंका, कारण ती सुटल्याशिवाय बाकीची चर्चा वाया. ट्रिटियम हा वायू असतो, काचेच्या अगदी बारीक नळीत भरलेला, नळीला आतून फॉस्फरचा, म्हणजे चमकणाऱ्या पदार्थाचा, लेप. त्यातून जे बीटा कण निघतात ते इतके लेचेपेचे की काच सोडा, कातडीच्या वरच्या थरातूनही आत जात नाहीत. ते फॉस्फरवर आदळतात आणि तो चमकतो, बास. म्हणून तर अमेरिकेत वापरणाऱ्याला याचं वेगळं लायसन लागत नाही. नळी फुटलीच तर खिडक्या उघडायच्या, थोडा वेळ खोलीबाहेर जायचं, हात धुवायचे. जुन्या झाल्या की कचऱ्यात मात्र टाकू नका, बनवणाऱ्या कंपनीला विचारून परत पाठवा. आणि जुन्या होतातच, ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे एवढ्या काळात उजेड निम्म्यावर. गन शोमध्ये कोणी 'जवळपास नवीन' म्हणून स्वस्तात देत असेल तर कुठल्या सालच्या ते आधी विचारा.

आता कुठल्या. ब्रँडपेक्षा ठिपक्यांकडे बघा. तिन्ही ठिपके (पुढे एक, मागे दोन) एकाच हिरव्या रंगाचे आणि सारख्याच उजेडाचे असले की अंधारात घाईघाईत पुढचा कुठला न मागचे कुठले हेच कळत नाही, मी स्वतः एकदा मागचा ठिपका पुढचा समजून भलतीकडेच मारलंय. मागे काळी साधी किंवा मंद, पुढे झगझगीत, असं असावं. एचडीच्या पुढच्या ठिपक्याभोवती नारिंगी नाहीतर पिवळं रिंगण असतं, ते संध्याकाळच्या अर्धवट उजेडात जास्त कामाला येतं कारण तेव्हा ट्रिटियम अजून दिसत नसतो. एचडीची माशी ०.१४४ इंच रुंद, एक्सआरची ०.१२२. एक्सआरने दोन्ही बाजूंना फट जास्त दिसते, लांबचं नेमकं बसतं. पण तुम्हाला चाळिशी लागलीय ना, मग सरळ रुंद माशीची एचडी घ्या.

फायबर ऑप्टिक दिवसा मस्त दिसतं पण त्याला बाहेरचा उजेड लागतो, नुसतं तेच असेल तर रात्री उपयोग शून्य.

अटलांटाची_अनघा

सगळ्या भाऊलोकांना एक विचारते. माशी दिसली, पण समोर कोण आहे ते दिसलं का?

नाइट साइट फक्त तुमची बंदूक कुठे रोखलीय ते सांगते. आमच्याकडे दर उन्हाळ्यात सासू-सासरे पुण्याहून येतात, पहिला आठवडाभर जेट लॅग, सासरे रात्री ३ वाजता अंधारात किचनमध्ये चिवड्याचा डबा शोधत असतात, दिवा लावत नाहीत का तर सूनबाईची झोपमोड नको. सांगायची गरज आहे का पुढे? सातारकर, आधी चांगला टॉर्च घ्या, हातात धरायचा, बंदुकीला लावलेला नाही, म्हणजे माणूस बघायला बंदूक रोखावी लागत नाही. टॉर्च लावला की उजळलेल्या भिंतीवर साध्या काळ्या साइट्ससुद्धा स्वच्छ दिसतात. नाइट साइट्सचा खरा उपयोग त्या मधल्या उजेडात, जिथे माणूस ओळखू येतो पण माशी दिसत नाही. तो उजेड असतो, मी नाही म्हणत नाही, माझ्याही बंदुकीला आहेत. पण क्रम लक्षात ठेवा.

कोल्हापुरी_मिस्त्री

अनघाताईंना +१. आता बसवायचं बोलतो.

घरी होतं, पण दहा मिनिटं वगैरे विसर. पहिली गोष्ट, मॅगझिन काढ, चेंबर डोळ्यांनी बघ, बोट घालून बघ, आणि सगळ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून ये, मगच स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) उतरव. बॅरल आणि स्प्रिंग बाहेर. पुढची माशी ग्लॉकला खालून एका बारीक स्क्रूने धरलेली असते, त्याला पातळ भिंतीचा ३/१६ इंची नटड्रायव्हर लागतो, साधा पाना आत शिरत नाही. नवीन बसवताना स्क्रू आणि भोक अल्कोहोलने पुसून तेल काढ, नाहीतर थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) धरत नाही आणि पन्नास गोळ्यांत माशी भुर्रर्र. थेंब एकच, आणि निळा का लाल ते साइटवाल्याच्या कागदावर काय लिहिलंय ते बघ. स्क्रू चिमुकला आहे, अंगातला जोर लावलास तर मान तुटेल.

मागची साइट डव्हटेल खाचेत (आत रुंद, तोंडाशी अरुंद अशा आडव्या खाचेत) घट्ट बसलेली असते, ती आडवी सरकवायची. इथेच लोक हातोडी घेतात. नको रे बाबा, आत काच आहे. साइट पुशर नावाचा प्रेससारखा जुगाड मिळतो, त्याने स्क्रू फिरवत हळूहळू सरकते. पण बरा पुशर दुकानदाराच्या ४० डॉलरपेक्षा महाग पडतो, म्हणजे एकाच बंदुकीसाठी हिशोब जमत नाही. माझं मत, माशी घरी बसव हवी तर, मागची दुकानात. मीही एका दुकानात दिली होती, स्लाइडवर ओरखडा पाडून परत दिली, म्हणून देताना फोटो काढून ठेव.

आणि साफ करताना असिटोन किंवा जहाल सॉल्व्हंट साइट्सवर ओतू नकोस.

नवा_सिएटलकर

अवांतर विचारतो, मी एच१बीवर आहे, मलाही बंदूक ठेवलेली चालेल का? आणि असल्या साइट्स गावाकडे काकांच्या रिव्हॉल्व्हरला नेता येतील का?

जुना_नेमबाज

भाऊ, आधी वकील गाठा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने सरसकट मनाई आहे, शिकारीचा परवाना असेल तर वगैरे अपवाद आहेत, पण ते कोणा टोपणनावाच्या भरवशावर करायचं काम नाही. ग्रीन कार्डवाल्यांचं वेगळं. आणि भारतात बॅगेतून काहीच नेऊ नका, आपल्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागही बंदुकीतच धरतात.

डॅलसचा_सातारकर

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. एचडी घेतली, नारिंगी रिंगणाची. मिस्त्रींचं ऐकून दोन्ही साइट्स दुकानातच बसवून घेतल्या, फोटो काढून. टॉर्चही आला, तो पलंगाच्या खणात.

रेंजवर गेलो तर १५ यार्डांवर सगळ्या गोळ्या ३ इंच डावीकडे. मी लगेच दुकानदाराला शिव्या द्यायच्या बेतात, पण उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी डावीकडे गेली तर बरेचदा ट्रिगरचं बोट गुन्हेगार असतं म्हणून आधी वाळूच्या पिशवीवर टेकवून मारलं, मग तिथल्या इन्स्ट्रक्टरला मारायला दिलं, त्याच्याही डावीकडेच. म्हणजे साइटच. हिशोब असा, १५ यार्ड म्हणजे ५४० इंच, दोन साइट्समधलं अंतर साधारण ६ इंच, तर ३ गुणिले ६ भागिले ५४०, आलं ०.०३३ इंच, म्हणजे जेमतेम ०.८५ मिलिमीटर. मागची साइट ज्या बाजूला गोळी न्यायची त्याच बाजूला सरकवायची, म्हणजे उजवीकडे. दुकानदाराने फुकटात सरकवून दिली, आता मध्यात बसतायत.

रात्री घरी आल्यावर नुसती स्लाइड हातात धरून दिवे घालवले आणि बायकोला दाखवलं. बघितलं तिने, म्हणाली एवढंसंच? ह्याच्यापेक्षा आपल्या मायक्रोवेव्हचं घड्याळ जास्त चमकतं.